डाळ वाढणारा मेजर

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी त्या गावाची ख्याती. तिथला सुयोग जगदाळे एकोणिसाव्या वर्षी भरती झाला, तेव्हा त्याच्या आईनं, शालननं, गावभर पेढे वाटले. पेढ्यांना दूध मात्र विकत आणावं लागलं. पोराला भरतीच्या अकादमीत धाडायला तिनं आपली रंगी म्हैस विकली होती. रंगीच्या रिकाम्या खुंट्याबद्दल ती कधी बोलली नाही. सुयोगला मात्र तो खुंटा जाता-येता दिसायचा. पगार साठवून तिथं पुन्हा म्हैस बांधायची, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

पोरगा गुणी होता. हुकूम ऐकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. उस्तादांनी ‘पळ’ म्हटलं की पळायचा, आणि उस्ताद ‘थांब’ म्हणायला विसरले तर पळतच राहायचा.

एकदा दिवेलागणीला त्याला ट्रेनिंग सेंटरच्या गेटवर पहाऱ्याला उभं केलं. त्याचे उस्ताद, हवालदार भोईटे, बजावून गेले, “येणाऱ्याला थांबवायचं. आजचा परवलीचा शब्द विचारायचा. बरोबर सांगितला तरच आत सोडायचं.”

थोड्या वेळानं एक साहेब आले. कडक वर्दी, खांद्यावर चकचकीत निशाणी, डोळ्यांवर आलेली टोपी. आल्या आल्या गरजले, “गेट उघड! मेजरला ताटकळत ठेवतोस?”

सुयोगनं खाडकन सलाम ठोकला आणि गेट सताड उघडलं.

साहेबांनी आत येऊन टोपी काढली. तो लंगरमधला आचारी गणपत निघाला! दुपारीच सुयोगनं त्याच्याकडून दोनदा डाळ मागून घेतली होती. वर्दी नाटकाच्या पेटीतली होती, आणि पेटीची चावी झाडामागं उभ्या असलेल्या उस्तादांकडं.

“शब्द विचारलास?” उस्तादांनी विचारलं.

“नाही उस्ताद. ते... ते फार मोठ्यानं बोलले.”

“मोठ्यानं तर गाढवही ओरडतं. त्यालाही आत घेशील? हुकूम पाळायचाच, पण आधी तो देणारा कोण ते बघायचं. पहाऱ्यावर आवाजाला सलाम नसतो.”

मग पाठीवर सामानाचा जड पिट्टू चढवून सुयोगनं मैदानाला इतक्या फेऱ्या मारल्या की पाय कुणाचे हेच त्याला कळेना. त्याहून वाईट म्हणजे सगळी बराक त्याला जेवताना विचारू लागली, “काय रे, मेजरसाहेबांनी आज डाळ वाढली का?”

पुढच्या रविवारी पोरांना त्यांचे मोबाइल मिळाले. सुयोग नळावर कपडे धूत होता, तोच त्याचा फोन वाजला.

“रिक्रूट सुयोग जगदाळे? मेजर बोलतोय, रेकॉर्ड ऑफिसमधून. सावधान!”

सुयोग जागच्या जागी ताठ झाला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात साबणाचा शर्ट, आणि शर्टाचं पाणी पायावर टपटपतंय.

“तुझ्या खात्यात गडबड आहे. पगार अडकेल. मोबाइलवर आकडे येतील, ते ताबडतोब वाचून दाखव. उशीर केलास तर उद्या घरी पाठवीन!”

घरी पाठवीन! आईनं रंगी विकली ती काय परत घरी यायला? फोन थरथरला, आकडे आले. त्यात खात्याची किल्ली होती, म्हणजे आईची म्हैसच होती म्हणा ना. पण आवाजात जरब एवढी की पोराचं डोकंच चालेना.

“चार...” तो वाचू लागला, “सात...”

तेवढ्यात लंगरच्या दारातून गणपत गरजला, “जेवायला चला! डाळ गरम आहे!”

गेटवरच्या त्या ‘मेजर’चाच आवाज, तीच जरब. सुयोगची जीभ जागच्या जागी थांबली. मग फोनमध्ये त्यानं पहारेकऱ्याचा असा आवाज लावला की नळावरची पोरं दचकली.

“थम! कौन आता है?”

“काय?” पलीकडचा मेजर गडबडला.

“साहेब, गेटवरचा आजचा परवलीचा शब्द सांगा.”

“मूर्खा! मेजरला शब्द विचारतोस?”

“विचारायलाच उभं केलंय साहेब. मागं एका मेजरला विचारला नाही, तर ते आचारी निघाले.”

मेजर आधी भडकला, मग एकदम विरघळला. “बेटा, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. राहिलेले आकडे दे.”

“शब्द द्या, मग आकडे,” सुयोग म्हणाला. फोन कट झाला.

सुयोग ओल्या शर्टासकट उस्तादांकडं धावला. त्यांनी लगेच बँकेच्या कार्डामागच्या नंबरावर फोन लावायला सांगितलं. पैसे जागेवर होते. त्या भामट्याचा नंबर सायबर पोलिसांना कळवून झाला. उस्ताद शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. त्या दुपारी गणपतनं मात्र न मागता दोन पळ्या डाळ वाढली, आणि सुयोगला ती पेढ्याहून गोड लागली.

संध्याकाळी त्यानं सगळं आईला फोनवर सांगितलं. “आई, आवाज माझा वाटला तरी खात्री करून घेत जा.” शालन नुसती “बरं” म्हणाली.

काही महिन्यांनी म्हशीपुरते पैसे साठले. सुयोगच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. त्याला कुठला धीर! शेजारच्या खाटेवरच्या मित्राचा फोन घेऊन त्यानं आईला लावला. “आई, पासबुकावरचा नंबर वाचून दाखव. पैसे धाडतो.”

“थांब!” पलीकडून शालन कडाडली. “कोन हायेस तू?”

“अगं, मी सुयोग!”

“ह्यो नंबर त्याचा न्हाई. आदी सांग, धार काढताना म्या रंगीला काय म्हनायची?”

सुयोगनं बराकीत नजर फिरवली. सगळी पोरं कान टवकारून बसली होती, आणि दारात उस्ताद. तो हळूच पुटपुटला.

“ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोल!”

मग त्या जवानानं ताठ उभं राहून, छाती काढून, साऱ्या बराकीला ऐकू जाईल असं सांगितलं, “ए माझी रंगूबाय, माझी साखरेची गोणी, सोड गं पान्हा!”

बराक हसून हसून लोळायची बाकी राहिली. उस्तादांनी मिशीआडून हसू दाबलं.

“माझाच हाय गं बाई,” शालन म्हणाली. “घे लिहून.”

तात्पर्य: आवाज कितीही मोठा असो वा ओळखीचा, आधी माणसाची ओळख पटवा, खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही, आणि खोटा तिथं टिकत नाही.