रावबाच्या वस्तऱ्याखाली

निवांतमहाराजांचा मुक्काम त्या चैत्रात तांबुळनेरला, महादेवाच्या देवळापुढच्या लिंबाच्या पारावर होता. महाराज बोलत थोडं आणि उपदेश त्याहून थोडा करीत. कुणी दुःख घेऊन आलं की ते जरा सरकून पारावर जागा करून देत. तेवढ्याने निम्मं दुःख उतरायचं, असं गावचे लोक सांगतात. उरलेल्या निम्म्याची ही गोष्ट.

गावात रावबा नाभिक म्हणून महाराजांचा एक भक्त होता. सात पिढ्यांची धोकटी, म्हणजे हजामतीच्या हत्यारांची पिशवी, त्याच्या खांद्याला. पण चार वर्षांमागे त्याला कंपवाताने गाठलं. उजव्या हाताची बोटं दिवसभर आपल्या मनाने एकमेकांवर चोळत राहायची. तंबाखूला तो आयुष्यात शिवला नव्हता, तरी परगावचे पाहुणे त्याच्यापुढे हात पसरून चिमूटभर मागायचे. चेहरा असा ताठलेला, की हसू आतच राहायचं. जावयाच्या एका विनोदावर रावबा आतल्या आत पोट धरून हसला, आणि जावई अपमान झाला म्हणून न जेवता निघून गेला!

आणि उंबरा! उंबऱ्याशी आला की रावबाचे पाय जमिनीला चिकटायचे. डोकं म्हणायचं चल, पाय म्हणायचे कुठे?

त्याची बायको ठकूबाई मात्र खमकी. तिने त्याच्या बंडीच्या गुंड्या काढून नाड्या लावल्या. ताक सांडू नये म्हणून वाटीऐवजी अर्ध्याच भरलेल्या लोट्यात द्यायला लागली. एकदा तो असाच दारात रुतून उभा होता, भाकरी निवत होती. तिने वैतागून रिकाम्या लोट्यावर उलथनं हाणलं. ठण, ठण, ठण! आणि काय नवल, रावबा त्या तालावर पावलं टाकीत थेट पाटावर येऊन बसला. त्या दिवसापासून त्यांच्या घरात लोटा पाण्यापेक्षा चालण्यासाठी जास्त वापरला जाऊ लागला.

चैत्रात तांबुळनेरची कावड डोंगरावरच्या महादेवाला जाते. कावड उचलण्याचा मान आबासाहेब मोकाशींच्या घराण्याचा, आणि उचलणाऱ्याचं डोकं आदल्या दिवशी पारावर गावच्या नाभिकानेच करायचं, ही रीत. रावबा सकाळीच ठकूबाईबरोबर पारावर आला. पाण्याचा लोटा, तुरटी, धार लावायची सहाण, वस्तरा, सगळं ओळीने मांडलं. हात मात्र त्या ओळीत बसेना.

आबासाहेब आले, ते चार माणसं हसवायला बरोबर घेऊनच.

"रावबा, तुझ्याखाली बसायचं म्हंजे आधी मृत्युपत्र करावं लागंल की रं!"

चौघे हसले. त्यांचं कामच ते.

"आबासाहेब, सावकाश करीन," रावबा म्हणाला. त्याचा आवाजही आजाराने बारीक झाला होता.

"सावकाश कापलेलं नाक काय परत चिकटतं व्हय? ऐक. सूर्य डोक्यावर यायच्या आत एक, फक्त एक माणूस तुझ्या वस्तऱ्याखाली बसला, तर धोकटी तुझी. न्हाईतर उतरवून ठेव. बाजाराच्या गावाहून दुसरा कारागीर आणवलाय मी."

रावबा वाट बघत बसला. लोक येत, रामराम करीत, आणि एका हाताने आपली मिशी झाकून पुढे जात. लिंबाची सावली आखडत आखडत बुंध्याशी आली. रावबाने धोकटीवर हात ठेवला. ही गेली, तर उद्यापासून या हाताला काम काय? नुसतं थरथरायचं?

इतक्यात महाराज आपल्या जागेवरून उठले आणि त्याच्यापुढे मांडी घालून बसले.

"रावबा, केस फार वाढलेत बघ. होतंय का?"

रावबाने वस्तऱ्याकडे पाहिलं. "महाराज, हात ऐकत न्हाई. लागलं म्हंजे?"

"तुरटी आहे ना?"

"हाय."

"मग झालं तर."

असे महाराज! बायांनी तोंडावर पदर घेतले. आबासाहेबांची चार माणसं हसायची विसरली. रावबाने केस भिजवले, वस्तरा उघडला. पातं उन्हात लकलक करीत वरखाली होऊ लागलं. 'महादेवा, माझ्या हातनं एवढं नको घडवूस,' असं म्हणून त्याने डोळे मिटले. वस्तरा हातात असताना हे करू नये, पण त्याने केलं.

पातं टेकलं. रक्त नाही, ओरडणं नाही. रावबाने एक डोळा उघडला. हात थांबला नव्हता, हात पूर्वीसारखाच थरथरत होता. पण महाराजांचं डोकंही थरथरत होतं! वस्तरा वर, की डोकं वर. वस्तरा खाली, की डोकं खाली. दोघांचा ताल एक, आणि दोघांच्या मधली जागा अशी स्थिर, की तिथे मुंगीने झोप काढावी.

ठकूबाईने तो ताल ओळखला. रोजचाच होता. तिने लोटा उपडा केला, खडा उचलला आणि ठण, ठण सुरू केलं. घटकाभरात महाराजांचं डोकं लिंबोळीसारखं तुळतुळीत झालं. तुरटी कोरडीच राहिली.

"योगायोग!" आबासाहेब गरजले. "मग काय महाराज, आता मी पण बसू म्हणता?"

महाराजांचं डोकं अजून वरखाली हलतच होतं.

"हो म्हणाले! महाराज हो म्हणाले!" अख्खा पार ओरडला. (ते डोकं पुढे तीन दिवस हलत होतं. तेवढ्यात गावाने दोन लग्नं आणि एका विहिरीला महाराजांचा होकार मिळवला, पण ते असो.)

आता संताचा शब्द कसा मोडणार? आबासाहेब बसले. मान काठीसारखी ताठ, आणि भीतीने सगळं अंग लटपटतंय. तेही भलत्याच तालात.

"आबासाहेब, ताल चुकतोय," रावबा हळूच म्हणाला. "माझा धरा. चार वर्सं झाली, मला पाठ हाय."

"कसा धरू?"

"मान सैल सोडा. आभाळाकडं नका बघू, खाली माझ्या पायाकडं बघा. आन् लोटा ऐका."

जी मान मामलेदारापुढे कधी वाकली नव्हती, ती इंच इंच खाली आली. ठण, ठण, ठण. आबासाहेब रावबाच्या तालात हलू लागले आणि वस्तरा अलगद फिरू लागला. जरा वेळाने त्यांचा खांदा भरून आला. दात आवळून त्यांनी विचारलं,

"रावबा, हे असं... दिवसभर?"

"निजलो की थांबतं."

"चार वर्सं?"

"व्हय जी."

आबासाहेबांनी मान आणखी खाली घातली. मांडीवर केस पडत होते, त्यात दोन थेंब पडले. ते पाण्याचे नव्हते, डोळ्यांतले होते.

डोकं झालं. आबासाहेब महाराजांच्या पायांशी वाकायला गेले, तर महाराजांनी पाय पोटाशी घेतले. "मी काय केलं? मी नुसता बसलो होतो," ते म्हणाले आणि त्यांनी रावबाकडे बोट केलं.

आबासाहेब वळले. साऱ्या गावादेखत त्यांनी आपलं ताजं, गुळगुळीत डोकं रावबाच्या पायांवर ठेवलं. रावबा शरमून गेला. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या पाया पडावं! त्याला चटकन मागे व्हायचं होतं. पण पाय जमिनीला चिकटले होते. चेहरा ताठच, त्यामुळे लोकांना वाटलं, रावबा काय ऐटीत नमस्कार घेतोय! त्याने घाईघाईने ठकूबाईकडे पाहिलं आणि डोळ्यांनी खुणावलं, लोटा, लोटा!

ठकूबाईने लोटा पदराआड धरला आणि चांगला वेळ वाजवलाच नाही.

पारावर महाराजांचं डोकं तेवढं हलत होतं. हो, हो, हो.