ओढ, धर, सोड

फार फार वर्षं झाली, वेळशीच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. नवऱ्यामागं आवडाबायनं वल्हं हातात घेतलं आणि ती होडी चालवू लागली. असं म्हणतात, तिला बघून भरतीसुद्धा वाट देऊन बाजूला उभी राहायची.

तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाया धक्क्यापर्यंत यायच्या आणि तिथूनच माघारी फिरायच्या. पलीकडं जायला तास लागायचा.

एकदा जानकी अशीच फिरली. पलीकडं तिची आई अंथरुणाला खिळलेली. आवडाबायनं तिला बाजूला नेलं.

"काय गो, आईला बघायचं नाय?"

जानकीला रडू फुटलं. "शिंकले तरी लुगडं भिजतं, बाय. तासभर लोकांत कशी बसू? सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाय."

"इतकंच ना? चार पोरांनंतर माझंबी तेच झालं होतं. वल्ह्याच्या तालावर रोज आतून आवळत गेले, तेव्हा बरं झालं."

त्या दिवशी आवडाबायनं दुसरं कुणीच घेतलं नाही. दोघीच निघाल्या. जाता जाता तिनं शिकवलं. लघवी अडवताना आवळतो तसं आतून वर ओढायचं, पाच अंक मोजेपर्यंत धरायचं, मग सैल सोडायचं. श्वास कोंडायचा नाही, पाणी पिणं तोडायचं नाही. "आज केलं नि उद्या झालं, असं नाय हां. रोज कर, तीन वेळा."

जानकीनं आईला डोळे भरून बघितलं. तीन महिने ती नेमानं ओढत, धरत, सोडत राहिली. शिमग्याला ती भरल्या होडीत बसली, मोठ्यानं शिंकली, आणि लुगडं कोरडंच!

मग काय, गावच्या बाया धक्क्यावर लोटल्या. असं म्हणतात, एका सकाळी चाळीस जणी होडीत बसल्या. आवडाबाय ओरडली, "ओढ!" सगळ्यांनी एकदम ओढलं आणि होडी पाण्यावरून वीतभर उचलली गेली. "सोड" म्हटल्यावरच खाली टेकली.

आवडाबाय कधी गेली ते कुणाला ठाऊक नाही. पण वेळशीत आजही सव्वा महिना झाला की बाळंतिणीला धक्क्यावर नेतात, आवडाबायच्या नावानं नारळ सोडतात आणि म्हाताऱ्या तिच्या कानात ते तीन शब्द सांगतात. आता पुलावरून एसटी जाते. पूल लागला की मागच्या बाकांवरच्या बाया एकदम गप्प होतात, पाच अंक मोजून हुश्श करतात आणि खुदकन हसतात. कंडक्टर विचारतो, "काय झालं?" त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.