नसेतले रिकामटेकडे

पाखरांची शरीरं अजून पुरती ठरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका बगळ्याच्या उजव्या पायातून एक नस मेंदूकडे जात होती. पायाला काही टोचलं की निरोप त्या नसेतून धावत वर यायचा. नसेच्या आत बारीक धागे होते. हात पसरून नसेच्या भिंती दूर धरायच्या, एवढंच त्यांचं काम.

एकदा मेंदूने चौकशी लावली. "निरोप तुम्ही पोचवता?"

"नाही साहेब, आम्ही नुसते उभे असतो."

"उभं राहायला बगळ्याचे पाय आहेत की!"

नसेवरचं चरबीचं वेष्टण लगेच म्हणालं, "निरोप पळतो तो माझ्यामुळे, साहेब. हे आयतं खातात."

"आम्ही गेलो तर नस बारीक होईल," सगळ्यांत जुना धागा म्हणाला. "वाट अरुंद झाली की निरोप रेंगाळतो, साहेब."

"तुला कोणी विचारलं?"

धागे काढून टाकले. नस वाळक्या काडीसारखी झाली.

पुढे तळ्यात मगरीने तोच पाय धरला. "पाय उचला!" असा निरोप निघाला. तो पोचला तेव्हा उचलायला पाय उरला नव्हता.

"इतका उशीर?" मेंदू गरजला.

"वाट अरुंद होती, साहेब," निरोप धापा टाकत म्हणाला.

"मी तर जागेवरच होतं," वेष्टण म्हणालं.

संध्याकाळी मेंदूने चोचीकरवी जाहीर केलं, की बगळेमहाराजांनी स्वखुशीने एका पायावर तप आरंभलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून मासे दर्शनाला येऊ लागले, आणि धाग्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.