गोजराबाईने देवाला विचारलेला जाब

मांजरा नदीच्या काठी साळेवाडी नावाचे गाव आहे. त्या काळी तिथे घरोघरी माग चालत आणि रस्त्यातून जाताना दोन्ही बाजूंनी धोट्यांचा खटखटाट ऐकू येई. एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला नंदगिरी महाराज फिरत फिरत या गावी आले आणि नदीकाठच्या पडक्या धर्मशाळेत राहिले. महाराजांनी कधी कुणाला ताईत दिला नाही, कधी अंगारा दिला नाही. कुणी भाकरी आणली तर खात, नाही आणली तर नदीचे पाणी पिऊन पडून राहत. लोक त्यांच्याजवळ येऊन बसत ते एवढ्यासाठीच, की महाराज समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेत. असे ऐकणारा माणूस गावात दुसरा नव्हता.

याच गावात भिकाजी साळ्याची बहीण गोजरा माहेरी येऊन राहिली होती. तिचा नवरा हरबा सोलापूरला कामाला गेला आणि तिकडेच त्याने दुसरे घर केले. तू आता येऊ नकोस, एवढाच निरोप त्याने एका वाटसरूबरोबर धाडला. गोजराचा त्याच्यावर फार जीव होता. तो मागावर बसे, ही शेजारी बसून सुताच्या कांड्या भरी, आणि दिवस कसा सरला ते दोघांनाही कळत नसे. निरोप आला त्या दिवसापासून तिचे खाणेपिणे सुटले. बायका समजूत घालायला येत, नशिबात होते ते झाले म्हणत. त्या समजुतीनेच तिला जास्त आग लागे.

एका सकाळी ती धर्मशाळेत आली आणि महाराजांना म्हणाली, "महाराज, नवरा परत द्या म्हणून आले न्हाई. आत सारखं जळतंय, तेवढं शांत करा."

महाराज आपली घोंगडी शिवीत बसले होते. त्यांनी विचारले, "शांत कशाला करायचं? जळतंय तर बोल की."

"कुणाशी बोलू? तो तर सोलापुरात."

"तो ऐकणारही नाही. देवळातल्या केशवराजाशी बोल. भांडायचं असेल तर भांड. फक्त चालीवर बोल, यमक जुळवून बोल. नुसतं रडलेलं वाऱ्यावर जातं. आपण देवाला काय म्हणालो ते उद्या आपल्यालाही आठवायला हवं."

गोजराच्या वडिलांनी तिला लहानपणी अक्षरे शिकवली होती. घरी आल्यावर तिने चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि मागाच्या पाठीमागच्या भिंतीवर पहिल्या ओळी लिहिल्या:

माझिया दारात । उभा राहा देवा ।
सांग कोणा ठेवा । दिलास तू ॥

नको मज धीर । नको समजूत ।
तोडलेस सूत । जाब दे तू ॥

त्या दिवशी ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी मागावर बसली आणि धोट्याच्या ठेक्यावर हेच म्हणत राहिली. मग रोज नवे काहीतरी सुचू लागले. दुःख कमी झाले होते असे नाही. पण पूर्वी ते तिला ओढत नेई, आता ती त्याला समोर बसवून बोलायला लावी. भावजय ठकूबाई आधी कुरकुरली, की ही भिंत काळी करते आहे. पुढे पुढे तीच स्वयंपाक करताना त्या ओळी गुणगुणू लागली. ठकूबाईकडून त्या शेजारी गेल्या, शेजारून पाणवठ्यावर आणि पाणवठ्यावरून जात्यांवर. ज्यांची मुले दगावली होती, ज्यांना सासरी मार बसत होता, ज्यांना कुणी कधी काय झाले म्हणून विचारले नव्हते, अशा कितीतरी बायका साळेवाडीत पहाटे जाते ओढता ओढता केशवराजाला जाब विचारू लागल्या.

केशवराजाच्या देवळात त्र्यंबकशास्त्री कीर्तन करीत. आवाज पहाडी, पाठांतर अफाट, आणि स्वतः रचलेली पदे इतकी अलंकारांनी भरलेली, की पंचक्रोशीत त्यांची वाहवा होई. माणूस वाईट नव्हता, पण त्या वाहवेने ताठला होता. एक दिवस स्वतःच्याच घरच्या जात्यावर त्यांनी गोजराच्या ओळी ऐकल्या आणि त्यांचे डोके फिरले. देवाला 'जाब दे' म्हणायचे? तेही नवऱ्याने टाकलेल्या बाईने?

पुढच्याच कीर्तनात त्यांनी नाकात आवाज काढून गोजराची नक्कल केली. पदर डोळ्याला लावल्याचे सोंग केले आणि लोकांना सांगितले, की नवरा नांदवीत नाही त्याचा राग ही देवावर काढते, हिच्या रडगाण्याला भजन म्हणणे म्हणजे विटाळ आहे. लोक हसले. गोजरा खांबाआड बसली होती. ती उठून गेली नाही. कीर्तन संपेपर्यंत मान वर करून बसली.

एवढ्याने शास्त्रीबुवांचे समाधान झाले नाही. त्यांनी दोन माणसे पाठवून भिकाजीच्या घरची ती भिंत चुन्याने पांढरी करविली. चुना वाळला तशी गोजराने पुन्हा कोळसा उचलला. पांढऱ्या भिंतीवर अक्षरे आधीपेक्षा ठळक उठली, आणि त्यात एक कडवे नवे होते:

रडले मी परि । मोडले मी नाही ।
केशवा तू पाही । डोळाभर ॥

मग प्रकरण पंचांपुढे गेले. शास्त्रीबुवांच्या शब्दाबाहेर पंच जाणार कसे? त्यांनी ठरवले, की वैशाखातल्या उत्सवाच्या दिवशी गोजराने देवळाच्या पायरीवर नाक घासावे, देवाची क्षमा मागावी आणि पुन्हा गाणे रचणार नाही अशी शपथ घ्यावी. नाहीतर भिकाजीच्या घराशी गावाने व्यवहार तोडावा. त्याला कुणी सूत देऊ नये, त्याचे लुगडे कुणी घेऊ नये, त्याच्या घरी कुणी पाणी पिऊ नये.

भिकाजी खचून गेला. त्याने बहिणीला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण मागावर बसायचा तो नुसताच बसून राहायचा. ठकूबाईने मात्र गोजराचे पाय धरले आणि म्हणाली, की एकदा वाकून मोकळ्या व्हा, मनात काय म्हणायचे ते म्हणा. गोजराला तिचा राग आला नाही. तिने आपले कपडे गाठोड्यात बांधले आणि धर्मशाळेत येऊन महाराजांना सांगितले, की मी गाव सोडते म्हणजे दादावरचे संकट टळेल.

महाराजांनी विचारले, "क्षमा का मागत नाहीस?"

गोजरा म्हणाली, "मी देवाशी आजवर खोटं बोलले न्हाई, महाराज. आता त्याच्याच पायरीवर बसून बोलू?"

महाराज हसले. "गाठोडं इथं ठेव," ते म्हणाले. "गाव सोडायचं तर सगळ्यांच्या समोरून जा, मागच्या वाटेनं नको. आधी उत्सवाला जाऊ. मी येतो बरोबर."

उत्सवाच्या दिवशी दुपारी देऊळ माणसांनी भरले होते. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पंच पुढे. महाराज दाराशी, चपला काढतात तिथे जाऊन बसले. शास्त्रीबुवा नवा शेला पांघरून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांसमक्ष गोजराला विचारले, की पायरीवर येतेस ना?

गोजरा उभी राहिली.

"शास्त्रीबुवा, माझं दुःख तुमी दिलं न्हाई, म्हणून त्याचं मी तुमच्याशी कधी बोलले न्हाई. ज्यानं दिलं त्याला विचारते. त्याला राग आला असंल तर तो मला सांगंल. मी नाक घासणार न्हाई, आन् गाणंबी सोडणार न्हाई. गाव सोडीन."

देवळात कुजबूज झाली. शास्त्रीबुवांचा चेहरा लाल झाला, पण उत्सवाच्या वेळी आवाज चढवणे त्यांना शोभले नसते. कीर्तन संपेपर्यंत तुला अवधी आहे, असे म्हणून त्यांनी टाळकऱ्यांना खूण केली. मृदंग वाजू लागला. हजार वेळा म्हटलेले आपले मंगलाचरण म्हणायला शास्त्रीबुवांनी तोंड उघडले, आणि त्यांच्या त्या पहाडी आवाजात शब्द आले:

"माझिया दारात, उभा राहा देवा..."

लोकांना वाटले, शास्त्रीबुवा पुन्हा नक्कल करताहेत. काहीजण हसलेही. पण शास्त्रीबुवा स्वतः दचकले होते. त्यांनी घसा खाकरला, डोळे मिटले, आपले मंगलाचरण मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवून पाहिले. सगळे जागच्या जागी होते. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"नको मज धीर, नको समजूत..."

आता कुणी हसले नाही. मृदंगवाल्याचा हात थांबला. शास्त्रीबुवांच्या कपाळावर घाम आला. दाराशी बसलेल्या महाराजांकडे बोट करून ते ओरडले, "गोसाव्या, ही तुझी करणी आहे."

महाराज शांतपणे म्हणाले, "मी इथं चपलांजवळ बसलोय, बुवा. गाणं तिचं आहे, तोंड तुमचं आहे. मधे कोण आहे ते गाभाऱ्यात वळून विचारा."

शास्त्रीबुवा चिडून गाभाऱ्याकडे वळले. समईच्या उजेडात केशवराजाची सावळी मूर्ती उभी होती. तिच्याकडे पाहता पाहता त्यांचे ओठ पुन्हा आपोआप हलले, आणि जे कडवे बाहेर आले ते गावात कुणीच ऐकलेले नव्हते:

पान मांडते मी । अजून त्याचेही ।
कोणी येत नाही । जेवायला ॥

गोजरा पांढरीफटक पडली. शेजारच्या ठकूबाईचा हात धरून ती म्हणाली, "वैनी, हे मी आज सकाळी मनात जुळवलं. अजून भिंतीवरसुद्धा लिहिलं न्हाई."

ठकूबाईने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितले. पण शास्त्रीबुवांना त्यातले काही ऐकू आले की नाही, कुणास ठाऊक. ते तसेच मूर्तीपुढे खाली बसले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा गदाधर बापाशी भांडून घर सोडून गेला, त्याला बरीच वर्षे झाली होती. त्याचे नाव घरात काढायचे नाही, असा शास्त्रीबुवांचा दंडक होता. शास्त्रीणबाई तरीही रोज दुपारी एक पान जास्त मांडत. शास्त्रीबुवा रोज ते पाहत, आणि न पाहिल्यासारखे करून जेवून उठत. इतक्या पदांत, इतक्या आख्यानांत त्यांनी त्या रिकाम्या पानाविषयी एक शब्द कधी लिहिला नव्हता.

"कोणी येत नाही, जेवायला," ते पुन्हा म्हणाले. या वेळी ते शब्द कुणाला त्यांच्या तोंडी घालावे लागले नाहीत. ते त्यांचे ते म्हणाले, आणि सगळ्या गावासमोर ओक्साबोक्शी रडू लागले. बायकांच्या बाजूला शास्त्रीणबाई पदरात तोंड लपवून रडत होत्या.

बऱ्याच वेळाने शास्त्रीबुवा उठले. खांद्यावरचा शेला काढून त्यांनी खाली ठेवला आणि बायकांच्या बाजूला येऊन गोजरापुढे हात जोडले.

"गोजराबाई, मी तुझ्या रडण्याची नक्कल केली. माझं मला कधी रडता आलं नाही. माझं चुकलं."

असे म्हणून ते वाकले. गोजराने पाय मागे घेतले. ती म्हणाली, "माझ्याजवळ नका रडू, बुवा. त्यानं तुमाला तोंड दिलंय, त्याच्याशी बोला. आन् माझ्या दादाचं सूत बंद करू नका."

पंचांना काही सांगायची गरज उरली नव्हती. शास्त्रीबुवांनी विनंती केली, की पुढचे कीर्तन मला होणार नाही, तूच म्हण. गोजरा मूर्तीसमोर उभी राहिली. नमस्कार तिने केला, पण आवाज मऊ केला नाही. 'जाब दे तू' हे ती त्या दिवशी असे म्हणाली, की कळसावरची कबुतरे उडाली. दुसऱ्या ओळीला बायकांनी साथ धरली, तिसरीला पुरुषांनी. दाराशी महाराज टाळी वाजवून डोलत होते. संध्याकाळी लोक त्यांना शोधत धर्मशाळेत गेले, तेव्हा तिथे गोजराचे गाठोडे तेवढे होते. महाराज घोंगडी घेऊन पुढच्या गावाला निघून गेले होते.

ही कथा ऐकून पुष्कळ जण विचारतात, मग हरबा परत आला का? नाही आला. गोजराने त्याला मागितलेही नव्हते. ती भावाच्या घरी मागावर बसून म्हातारी झाली आणि अखेरपर्यंत देवाशी भांडत राहिली. आपल्या माणसाचे रागावणे केशवराजाला कडू लागत नाही, हे नंदगिरी महाराजांनी साळेवाडीला असे दाखवून दिले. त्यांच्या चरणी आपलाही माथा टेकलेला राहो.

शास्त्रीबुवांनी त्यानंतर आपली अलंकारांची पदे म्हणायचे सोडले. गदाधरावर एक कडवे रचायला त्यांना महिना लागला. ते घेऊन ते भिकाजीच्या दारी आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहूनच त्यांनी ते गोजराला म्हणून दाखवले. गोजराने धोटा थांबवून नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "शब्द चांगले हाईत, बुवा. पण अजून तुमी देवाला भिऊन बोलताय. परत रचा."

त्र्यंबकशास्त्र्यांनी उंबऱ्यावर डोके टेकवले, आणि पुन्हा रचायला घरी गेले.