शिंपिणीची करवंटी आणि नळाची जाळी

एक होती शिंपीण. शिंपीण म्हणजे इवलासा पक्षी. शेपटी वर, चोच बारीक. आणि भित्री तर इतकी, की पान पडलं तरी भुर्र.

रोज दुपारी ती खिडकीतून स्वयंपाकघरात यायची. टुप टुप, टुप टुप. नळाखाली एक करवंटी होती. करवंटीत पाणी असायचं. शिंपीण चोच बुडवायची, पंख भिजवायची, उडून जायची.

आज आली. टुप टुप. करवंटी कोरडी. खडखडीत कोरडी. आणि बाहेर ऊन कसं, रणरण रणरण.

शिंपीण म्हणाली, "नळभाऊ, नळभाऊ, पाणी द्या ना. माझी चोच भिजेना."

नळ म्हणाला, "कुठून देऊ? माझ्या तोंडावरची जाळी चोंदली. जाळी मला सोडेल, तर पाणी देईन."

शिंपीण वाकली. "जाळीबाई, जाळीबाई, नळ सोडा ना.
नळ पाणी देईना,
माझी चोच भिजेना."

जाळी म्हणाली, "कशी सोडू? पांढरा पांढरा क्षार साठलाय. घट्ट चिकटलेय मी. लिंबू मला भिजवेल, तर नळ सोडीन."

शिंपीण गेली टोपलीकडे. टुप टुप, टुप टुप. कांदा घरंगळला, गडगड. शिंपीण दचकली. भुर्र! परत आली.

"लिंबूदादा, लिंबूदादा, जाळी भिजव ना.
जाळी नळ सोडेना,
नळ पाणी देईना,
माझी चोच भिजेना."

लिंबू म्हणालं, "रस तर माझ्या पोटात. विळी मला चिरेल, तर जाळी भिजवीन."

शिंपीण गेली विळीकडे. टुप टुप, टुप टुप. जरा लांबच थांबली.

"विळीमावशी, विळीमावशी, लिंबू चिर ना.
लिंबू जाळी भिजवेना,
जाळी नळ सोडेना,
नळ पाणी देईना,
माझी चोच भिजेना."

विळी म्हणाली, "मी का आपली आपण चिरते? आई मला घेईल, तर लिंबू चिरीन."

शिंपीण गेली आईकडे. टुप टुप, टुप टुप.

"आई, आई, विळी घे ना.
विळी लिंबू चिरेना,
लिंबू जाळी भिजवेना,
जाळी नळ सोडेना,
नळ पाणी देईना,
माझी चोच भिजेना."

आई म्हणाली, "अगं बाई, माझ्या कडेवर छबू. कडेवर मूल घेऊन विळीवर कुणी बसतं का? छबू खाली बसेल, तर विळी घेईन."

"छबू, छबू, खाली बस ना.
आई विळी घेईना,
विळी लिंबू चिरेना,
लिंबू जाळी भिजवेना,
जाळी नळ सोडेना,
नळ पाणी देईना,
माझी चोच भिजेना."

छबूने चटईवर बोट दाखवलं. "तू तिथे ये. मग मी बसेन."

आता आली का पंचाईत. चटई म्हणजे अगदी खाली. आणि छबूचे हात म्हणजे पकडणारे हात. शिंपिणीचं काळीज उडालं, धडधड धडधड. तिने खिडकीकडे पाहिलं. करवंटीकडे पाहिलं.

मग उतरली. टुप. थांबली. टुप. थांबली. चटईवर आली, शेपटी वर केली आणि हळूच म्हणाली, "टुवीट."

छबू हसली.

"हात नाही हं लावायचा," आई म्हणाली. छबूने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

मग काय! छबू खाली बसली. आईने विळी घेतली. विळीने लिंबू चिरलं, चर्र. लिंबाच्या रसात आईने फडकं बुडवलं आणि नळाच्या तोंडाला बांधलं. लिंबाने जाळी भिजवली. वरण शिजेपर्यंत भिजवली. कुकर ओरडला, फिस्स! शिंपीण भुर्र, खिडकीच्या गजावर. पण परत आली.

आई जाळी फिरवायला लागली, बरणीचं झाकण फिरवतात तशी. जाळी हलेना.

"अरेच्चा, हिचं तोंड तर खाली," आई म्हणाली. "मी घट्टच करत बसलेय की."

आईने उलटी फिरवली. करकर, करकर. जाळीने नळ सोडला.

"दमले गं मी," जाळी म्हणाली. "आता नवीला बसवा."

बाबांनी आणलेली नवी जाळी कधीची फडताळात पडून होती. आईने ती बसवली. नळ आधी खोकला, खर्र खर्र. मग सूऽऽऽ. नळाने पाणी दिलं. करवंटी काठोकाठ भरली.

शिंपिणीची चोच भिजली. पंख भिजले. शेपटी भिजली. छबू अगदी जवळ येऊन बघत होती, तरी शिंपीण उडाली नाही.

गोष्ट न्हाली, गोष्ट वाळली, पंख झटकून उडून गेली.