कोंडबाचा अर्ज

फार फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका लहानशा राज्यात कोंडबा नावाचा हरकारा होता. राजवाड्यातली पत्रं पाठीवर घेऊन तो गावोगाव धावत जाई. असा तो चाळीस वर्षं धावला. शेवटी गुडघे साथ देईनात, तेव्हा राणीने त्याला मानाने निरोप दिला.

त्या राज्याची रीत चांगली होती. चाकरीत म्हातारं झालेल्या माणसाला दर महिन्याला घरपोच धान्य मिळे. त्यासाठी कचेरीत एक अर्ज तेवढा द्यावा लागे. कोंडबाने तो दिला.

अर्ज नारोपंत कारकुनांकडे आला. नारोपंत मनाने फार चांगले. कोंडबा आला की ते त्याला जवळ बसवत, गूळपाणी देत, डोंगरातल्या जुन्या गोष्टी विचारत. मग म्हणत, "तुमच्या चाकरीची नोंद जुन्या वहीत आहे, आणि वही माळ्यावर आहे. काढून ठेवतो. पुढच्या सोमवारी या."

"येतो की," कोंडबा म्हणे.

माळ्यावर धूळ होती, शिडी डुगडुगत होती आणि खाली रोज दुसरं काहीतरी काम निघे. सोमवारमागून सोमवार गेले. बघता बघता चौदा महिने झाले. कोंडबाने एकदाही आवाज चढवला नाही, म्हणून पंतांनाही कधी घाई वाटली नाही.

मग लागोपाठ तीन सोमवार कोंडबा आलाच नाही. पंतांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. चौथ्या सोमवारी ते स्वतःच त्याच्या गावाला निघाले.

वाट चार कोसांची होती. आधी ओढा, मग उभी चढण, मग नुसते दगडगोटे. अर्ध्या वाटेत पंतांच्या टाचेला फोड आला. एका दगडावर बसून ते मोजू लागले, दुखऱ्या गुडघ्यांनी कोंडबा ही वाट किती वेळा चालला असेल. मोजणं त्यांनी मध्येच सोडून दिलं.

कोंडबा गुडघ्यांना एरंडाची पानं बांधून ओसरीवर बसला होता. पंतांना पाहताच तो उठायला धडपडला.

"माफ करा, पंत," तो म्हणाला. "तीन सोमवार यायला जमलं नाही. तुम्ही वाट पाहिली असेल."

पंतांनी त्याला हाताला धरून पुन्हा खाली बसवलं.

तेवढ्यात कोंडबाची बायको साळू आली. ती दुसऱ्यांच्या घरी भात कांडून येत होती. या वयात मुसळ धरून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. तिने पेजेचं वाडगं भरून पाहुण्यांपुढे ठेवलं. मडकं रिकामं झालेलं पंतांनी पाहिलं.

"आणि तुम्ही दोघं?"

"आमचं मघाशीच झालं," कोंडबा म्हणाला.

साळू म्हणाली, "पंत, हे तुमचं नाव फार मायेने घेतात. मला कचेरीतलं काही कळत नाही. एवढंच सांगा, तो कागद अडलाय कुठे?"

"माझ्यापाशी," नारोपंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत माळ्यावर चढले. शिंका देत त्यांनी वही शोधली, नोंद काढली, शिक्का घेतला आणि कागद स्वतः राणीपुढे नेला.

राणीने विचारलं, "या कामाला किती दिवस लागले?"

"एक सकाळ लागली, राणीसाहेब," पंत खाली मान घालून म्हणाले. "पण ती सकाळ उजाडायला मी चौदा महिने लावले."

राणी रागावली नाही. तिने कोंडबाकडे मागचं सगळं थकलेलं आणि चालू महिन्याचं धान्य बैलांवर लादून पाठवलं, आणि एक नवा नियम केला. ज्याच्याकडे अर्ज अडेल, त्यानेच अर्जदाराच्या घरी चालत जावं आणि 'अजून झालं नाही' हे तोंडाने सांगावं.

पहिल्या महिन्यात दोन कारकून डोंगर चढून आले. त्यानंतर कोणावरही ती पाळी आली नाही. नारोपंत मात्र कोंडबाकडे जात राहिले, पण ते गप्पा मारायला.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: ज्याचं काम आपल्या हातात आहे, त्याच्याशी गोड बोलणं चांगलंच, पण त्याचं काम वेळेवर करणं हीच खरी माया.