शंभर पाण्यांचं तूप

"झोंबल्याबिगर औषध लागू पडतंय व्हय, बाबा?"

सर्जेराव पैलवानाने धोतर सारून नडगी पुढे केली. महिन्यापूर्वी चिंचोक्याएवढी असलेली जखम आता तळहाताएवढी झाली होती.

सोमगीरबाबा मठाच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी जखम नीट पाहिली.

"काय लावतोस?"

"चुना, मिरची अन् लसणाचा रस. आमच्या तालमीत तेच चालतं. लावलं की डोळ्यांपुढं काजवे! पण मी हूं का चूं करत न्हाई." सांगताना त्याची छाती फुगली.

"जत्रा कधी?"

"बाराव्या दिवशी. शेवटची कुस्ती माझी! पण वस्ताद म्हणतात, पाय असाच राहिला तर दुसऱ्याला उतरवतो..."

बाबांनी आतून परात आणली. गाईचं तूप घातलं, वर गार पाणी ओतलं.

"फेट. पाणी काढून टाक. नवं घे. असं शंभर वेळा."

दिवस कलला तेव्हा परातीत लोण्याहून मऊ, पांढराशुभ्र गोळा उरला होता. बाबांनी तो अलगद जखमेवर लावला.

सर्जेराव दात आवळून वाट बघत राहिला...

"ह्यात तर काहीच न्हाई की!" त्याने कमरेची डबी काढली. "जरा हे मिसळू?"

बाबांनी डबी घेतली. आतला लेप काडीवर घेतला आणि पैलवानाच्या धडधाकट दंडावर ओढला.

थोडा वेळ गेला...

"आई गं! पेटला की दंड!"

"मग बरा होतोय."

"झालंय काय माझ्या दंडाला?"

बाबांनी डबी धुनीत टाकली.

रोज सकाळी तूप लागत राहिलं. सर्जेराव रोज कुरकुरत यायचा, कुरकुरत जायचा.

जत्रेच्या दिवशी गावात हलगी कडाडत होती. सर्जेराव मठाच्या पायऱ्या दोन-दोन ओलांडत वर आला.

"बाबा! भरली! कातडं धरलं बघा! वस्तादांनी पहाटे दोनशे बैठका मारून घेतल्या. मीच उतरतोय!"

बाबा तुळशीला पाणी घालत होते. ते हसले.

पैलवान वळला... आणि पायरीवरच थबकला.

"एक सांगा, बाबा. ही भरली कधी? मला तर काहीच कळलं न्हाई."

"कळलं असतं, तर भरू दिली असतीस का?"